ब्लेकचं ‘विषारी झाड’ शूट करताना

विल्यम ब्लेकची ‘अ पॉयझन ट्री’ ही कविता सोळा ओळींची आहे. मित्रावर राग आला, बोलून टाकला, संपला. शत्रूवर राग आला, बोलले नाही, वाढला. मग त्या रागाला रात्रंदिवस अश्रूंचं पाणी आणि हसण्याचं ऊन. त्याचं झाड होतं, झाडाला लखलखीत सफरचंद लागतं, शत्रू रात्री चोरून बागेत शिरतो आणि सकाळी झाडाखाली आडवा पडलेला असतो. वाचल्यावर वाटतं, पटकथा तर तयारच आहे, आता कॅमेरा काढायचा तेवढा बाकी.

मी मूळची सांगलीची, लंडनमध्ये एडिटिंग करते आणि शनिवारी शाळा-कॉलेजच्या पोरांना शॉर्ट फिल्म शिकवते. इथल्या एका परीक्षा मंडळाने जीसीएसईच्या, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या, इंग्रजीत ही कविता लावली आहे. त्यामुळे दरवर्षी कुणीतरी ती घेऊन येतंच. आणि येताना फिल्मही तीच घेऊन येतं: मुठी आवळलेला मुलगा, लाल लाइट, फुटलेला आरसा, छाती धडधडल्याचा आवाज, वरून घोगऱ्या आवाजात कविता. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. कवितेत राग एकदाही दिसत नाही. दिसते ती त्याची निगा. पाणी घालणं, ऊन दाखवणं, वाट बघणं. तेव्हा राग शूट करू नका, रागाची निगा शूट करा. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीतून निघतं.

कॅमेऱ्याआधी कविता नुसती छापील नाही, ब्लेकने केली तशी बघा. ब्लेक पेशाने खोदकाम करणारा चित्रकार. १७९४ साली ‘साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स’मध्ये ही कविता आली तेव्हा त्याने अक्षरं आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर उलटं काढून, ॲसिडने कोरून, स्वतःच्या प्रेसवर छापलं. रंग भरायला बायको कॅथरीन हाताशी असायची. ह्या पानावर कवितेच्या खाली माणूस उताणा पडलेला आहे, दोन्ही हात पसरून. म्हणजे पहिली ओळ वाचायच्या आधीच डोळा खाली जातो आणि प्रेत दिसतं. शेवट लपवून ठेवायची ब्लेकला गरजच वाटली नाही. मग आपण कशाला शेवटी धक्का द्यायचा? प्रेक्षकाला शेवट पहिल्या मिनिटात कळला तरी चालेल असं धरून लिहा. (कवितेतला ‘मी’ माझ्या फिल्ममध्ये एक बाई असते.) ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता गेली की ‘ही बाई हे किती शांतपणे करतेय’ ही भीती उरते, आणि ती जास्त टिकते.

दुसरी कामाची गोष्ट ब्लेकच्या वहीत आहे. ही वही आता ब्रिटिश लायब्ररीत असते. तिथे ह्या कवितेचं आधीचं नाव आहे ‘ख्रिश्चन फॉरबेअरन्स’, म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता, गिळून टाकण्याचा सद्गुण. दिग्दर्शकासाठी ह्याहून चांगली टीप नाही. तुमचं मुख्य पात्र चिडकं नकोच. ते अख्ख्या वस्तीतलं सगळ्यात समजूतदार माणूस हवं, ज्याचं नाव काढलं की लोक म्हणतील, ‘फार सोशिक हो!’ चार लोकांत तमाशा नको म्हणून गप्प बसणारी माणसं आपल्या घरात कमी नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला हे पात्र लिहायला जड जाऊ नये.

जागा कुठली घ्यायची

कविता लिहिली तेव्हा ब्लेक थेम्सच्या दक्षिणेला लॅम्बेथमध्ये हर्क्युलिस बिल्डिंग्जमध्ये राहायचा, आणि घराला बाग होती. घर आता नाही. जवळच्या सेंटॉर स्ट्रीटवरच्या रेल्वेच्या बोगद्यांत त्याच्या चित्रांवरून केलेली मोझेइक आहेत. अर्धा दिवस काढून जाऊन या, फोटो काढा, पण फिल्म तिथे करू नका. नाहीतर तो ब्लेकबद्दलचा माहितीपट होईल.

मला विचाराल तर लंडनमध्ये ह्या कवितेसाठी एकच जागा आहे: अलॉटमेंट. म्हणजे कौन्सिलकडून, इथल्या पालिकेकडून, वर्षाच्या भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. जुन्या मापाने पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, हल्ली बहुतेकांना अर्धाच मिळतो, आणि तोही यादीत वर्षानुवर्षं थांबून. प्रत्येकाची एक लाकडी शेड, मध्ये पायवाट, सामायिक पाण्याची टाकी. कुंपण जवळजवळ नसतंच. सगळे सगळ्यांचं बघत असतात, सगळे हवेबद्दल बोलतात आणि शेजाऱ्याचा भोपळा आपल्यापेक्षा मोठा झाला तर आतून जळतात. आमच्या इथे दोन तुकडे सोडून एक मराठी कुटुंब मेथी-कोथिंबीर लावतं. बाकी सगळे बटाटे, बीन्स आणि वाद.

आता शत्रूने नेमकं काय केलं? ब्लेक सांगत नाही, आणि नवा लेखक नेमका तिथेच घसरतो: फसवणूक, नवरा पळवला, नोकरी घालवली. असं काही मोठं घातलंत की प्रेक्षक तिच्या बाजूने न्याय मागायला लागतो आणि कविता संपते. अपराध लहान ठेवा. दोन तुकड्यांच्या मधली दोरी तो एका सकाळी वीतभर तिच्या बाजूला सरकवतो. बस. बांध कोरणं म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्या वीतभर मातीवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. दोरी सरकताना एकदाच दाखवा, तिने शेडच्या खिडकीतून बघितलेली, आणि पुन्हा त्याचा उल्लेखही नको.

हीच फिल्म महाराष्ट्रात करणार असाल तर खराखुरा बांध आणि बांधावरचं सीताफळ घ्या. सफरचंद ओढून आणू नका. सफरचंदाबरोबर येणारी बायबलमधल्या आदम-हव्वेच्या एदेन बागेची आठवण तेवढी जाईल, ती जाऊ द्या.

पटकथा: चार कडवी म्हणजे चार सीन नव्हेत

सात मिनिटांची फिल्म धरली तर माझी वाटणी अशी असते. पहिल्या दोन ओळींना चाळीस सेकंद. पुढच्या दोन ओळींना अर्धं मिनिट. दुसऱ्या कडव्याला तीन मिनिटं. तिसऱ्याला एक. उरलेलं चौथ्याला. पोरं नेमकी उलटी वाटणी करतात, रात्र आणि प्रेत ह्यांना अर्धी फिल्म देतात.

पहिल्या दोन ओळी गाळायचा मोह होतो, कारण मित्राचं पुढे काहीच होत नाही. गाळू नका. मैत्रीण शेडची किल्ली हरवते. आपली बाई तिच्यावर मोकळेपणाने ओरडते, हातवारे करते, मग दोघी थर्मासमधला चहा पितात. बाईला आवाज आहे हे प्रेक्षकाने ऐकलेलं असलं तरच पुढची तिची शांतता ऐकू येते. नाहीतर वाटतं, स्वभावच असेल.

मूळ कवितेत सोळापैकी सात ओळी ‘आणि’ने सुरू होतात. मी हा एडिटसाठीचा नियमच मानते: दोन शॉटच्या मध्ये ‘आणि’ बसला पाहिजे, ‘म्हणून’ नाही. ती पाणी घालते आणि हसते आणि चहा देते आणि फळ धरतं. कारणं सांगणारे शॉट, फ्लॅशबॅक, रात्री छताकडे बघत पडलेली बाई हे सगळं ‘म्हणून’वालं असतं. काढून टाका.

काळ पुढे जातोय हे दाखवायला टाइमलॅप्स मागवू नका. शेडच्या दारातून एक फ्रेम ठरवा, ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीत तीन खुंट्या ठोका, लेन्सची उंची लिहून ठेवा. एप्रिलअखेर मोहर, जुलैत कच्ची फळं, सप्टेंबरात लाल. ऋतू बदलला की त्याच खुंट्यांवर परत. एवढा वेळ नसेल तर सप्टेंबरातच सगळं करा आणि आधीच्या शॉटमध्ये झाड फ्रेमच्या बाहेर ठेवा. फक्त झारी आणि ओली माती.

हसण्याचा शॉट

फिल्म इथे उभी राहते नाहीतर पडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सीन साधा आहे. बाई टाकीत झारी बुडवते. (बऱ्याच ठिकाणी पाइप लावायला बंदी असते, त्यामुळे झारी खरीखुरी शोभते.) तो पायवाटेने येतो, ‘मॉर्निंग’ म्हणतो. ती हसते, ‘चहा ठेवलाय’ म्हणते. तो जातो. ती पाणी घालते.

अभिनेत्रीला ‘खोटं हस’ असं कधीही सांगू नका. खोटं हसू शत्रूला दिसलं तर तो तिच्या बागेत पाऊल टाकणार नाही आणि गोष्टच घडणार नाही. हसू इतकं चांगलं हवं की तो आणि प्रेक्षक दोघंही फसतील. तिला एक खरं काम द्या: त्याच्या गुडघ्याचं दुखणं विचारायचं आणि उत्तर मनापासून ऐकायचं. मग कॅमेरा तो गेल्यावर चालू ठेवा. खरी गंमत तिथे आहे. खुललेला चेहरा आपोआप ओसरतो, गाल आधी, ओठ मग. धरून ठेवलेला चेहरा मात्र तसाच राहतो आणि मग एकदम सुटतो. अभिनेत्रीला सांगा: तो कोपऱ्यावर वळेपर्यंत हसू धर, मग सोड, आणि सोडल्यावर काहीही करू नकोस. ना उसासा, ना डोळे बारीक.

टाइमलाइनवर मी हा शॉट तो फ्रेमबाहेर गेल्यावर साधारण दोन सेकंद ठेवते, म्हणजे इथल्या सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने पन्नासेक फ्रेम. चाळीसला कापलं तर नुसती सभ्य बाई दिसते. ऐंशीवर नेलं तर खलनायिका. मधल्या दहा-पंधरा फ्रेममध्ये पोट ढवळतं. हे वाचून पटणार नाही, स्वतः सरकवून बघा, आणि आवाज बंद करून बघा. हाच शॉट तीन वेगवेगळ्या दिवसांच्या कपड्यांत घ्या. पहिल्या वेळी पूर्ण ठेवा, दुसऱ्या वेळी हसू सुटायच्या आधी कापा. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा दाखवूच नका, फक्त त्याचा, तिच्या हसण्याला उत्तर देणारा.

आणि अश्रू? कवितेत आहेत, फिल्ममध्ये नकोत. झारीच्या शॉवरचं पाणी पुरे.

सफरचंद, रात्र, आवाज

जात लाल निवडा. वुस्टर पेअरमेन सप्टेंबरात तयार होतं आणि कॅमेऱ्यावर छान दिसतं. ब्रॅमली मोठं असतं पण हिरवं आणि आंबट, ते स्वयंपाकाचं; त्याला ‘लखलखीत’ कुणी म्हणणार नाही. झाडावर ऐन वेळी नको तिथेच फळ असतं, म्हणून बाजारातून एकसारखी डझनभर आणा आणि मासे धरायच्या बारीक नायलॉन दोऱ्याने फांदीला बांधा. फळावर पाण्यात थोडं ग्लिसरिन मिसळून फवारा मारा. नुसतं पाणी लाइटखाली लगेच वाळतं. समोरून लाइट न टाकता मागून ऊन आणि पुढून पांढरा थर्माकोल. सफरचंद येईपर्यंत फिल्ममध्ये लाल रंग कुठेच ठेवू नका, ना स्वेटर, ना बादली. जुनी युक्ती आहे, पण चालते.

‘विष कुठून आलं ते दाखवायचं का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. बाटली किंवा सिरिंज दिसली की गुन्हेकथा झाली. सफरचंदाच्या बियांत सायनाइड सोडणारं अमिग्डलिन असतं, पण दोन-चार बियांनी काही होत नाही, त्यामुळे तो खुलासाही उपयोगाचा नाही. ब्लेकने फळाला विषारी म्हटलेलंच नाही, विष फक्त शीर्षकात आहे. तुम्हीही तिथेच ठेवा.

त्याने चोरी का करावी ह्याचं उत्तर मात्र कवितेत आहे. फळ चमकताना त्याने पाहिलं आणि ते माझं आहे हे त्याला कळलं. भूक नाही, गरज नाही. दुसऱ्याचं आहे म्हणून हवं. एका सीनमध्ये तो विचारतो, ‘तुमचं?’ ती मान हलवते. तो फळाकडे बघतो, तिच्याकडे नाही. चार शॉट, एक शब्द.

रात्रीसाठी सप्टेंबरच्या शेवटाचा फायदा असा की सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. जूनमध्ये नऊ-सव्वानऊपर्यंत ताटकळावं लागतं. सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडाच्या वीसेक मिनिटांत मोठे शॉट उरका. मग पूर्ण अंधारात फक्त त्याच्या कपाळावरचा टॉर्च. तो बघेल तेवढंच प्रेक्षकाला दिसेल, आणि लाइटचं भाडं वाचेल. फोनवर शूट करत असाल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर टॉर्च वळला की चित्र उड्या मारतं.

दक्षिण लंडनमध्ये आवाजाचा खरा शत्रू विमानं. वारा पश्चिमेचा असला की हीथ्रोची विमानं शहरावरून उतरतात, दिवसा दर दीड-दोन मिनिटांनी एक. पूर्वेचा असला तर पुष्कळ शांत. संवाद मोजके ठेवायचं हेही एक कारण. रात्री साडेअकरानंतर पहाटे साडेचारपर्यंत आभाळ बहुतेक मोकळं असतं, तेव्हा पानांचा, पायाखालच्या मातीचा आवाज स्वतंत्र रेकॉर्ड करा. सफरचंद चावल्याचा आवाज घरी, पांघरुणाखाली, माइक हनुवटीजवळ धरून. फळ फ्रिजमधलं घ्या. मऊ पडलेलं सफरचंद चावलं तर केळं खाल्ल्यासारखं ऐकू येतं.

कविता ऐकवायची का

पूर्णवेळ व्हॉइसओव्हर नको. ‘मला राग आला’ असं आवाजाने सांगितल्यावर अभिनेत्रीने करायचं काय? मला पटलेला मार्ग हा: पहिल्या चार ओळी तिच्याच आवाजात, आणि ‘सांगितला नाही’वर आवाज बंद. ती गप्प बसली म्हणजे व्हॉइसओव्हरही गप्प बसला. मधली पाच मिनिटं आपण तिच्या डोक्याबाहेर. मी मराठीत असं करून घेतलं होतं:

मित्रावर राग आला;
सांगितला, संपून गेला.
शत्रूवर राग आला;
सांगितला नाही, वाढत गेला.

आवाज परत येतो तो थेट शेवटच्या दोन ओळींना. इथे ब्लेक एकदम वर्तमानकाळात येतो: सकाळी मी बघते, आनंदाने. आनंदाने हा शब्द गिळू नका. बरेच जण इथे पश्चात्ताप घालतात, बाई गुडघ्यावर बसते, पियानो वाजतो. कवितेत पश्चात्ताप नाही. तिला बरं वाटतं, आणि ते बघून आपल्याला वाईट वाटतं. अभिनेत्रीला एवढंच सांगा की ही सकाळ तुझ्यासाठी चांगली आहे. पोलीस, ॲम्ब्युलन्स, शेजारी काहीही नको.

हक्कांचं थोडक्यात. ब्लेक १८२७ साली गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे मूळ कविता सगळ्यांची. पण कुणाचा छापील मराठी अनुवाद घेतलात तर परवानगी लागेल, म्हणून स्वतः करा. कुण्या नटाने वाचलेलं रेकॉर्डिंगही उचलू नका. संगीताचंही तेच. व्हॉन विल्यम्स ह्या इंग्लिश संगीतकाराने ही कविता गाणं आणि ओबो ह्या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी बांधली आहे, फार मोह होतो. पण तो १९५८ साली गेला, म्हणजे ब्रिटनमध्ये २०२८ संपेपर्यंत हक्क शाबूत, आणि त्यानंतरही रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे. ब्लेकचं मूळ पान दाखवायचं असेल तर ज्या संग्रहालयाचा फोटो त्यांच्या अटी वाचा.

परवानगीसाठी आधी अलॉटमेंटच्या समितीला भेटा, मग जागा कौन्सिलची असेल तर त्यांच्या फिल्म ऑफिसला लिहा. पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे शूटिंगमुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, मागतातच. शेजारच्या ज्या तुकड्यांची शेड फ्रेममध्ये येते त्यांनाही विचारा. प्रेताचा सीन भल्या सकाळी करणार असाल तर फाटकावर ‘शूटिंग चालू आहे’ अशी पाटी लावा. सातला भाजी काढायला येणाऱ्या आजोबांना झाडाखाली पडलेला माणूस दिसला तर पुढचा फोन ९९९ला, म्हणजे इथल्या पोलीस-ॲम्ब्युलन्सच्या नंबरला जातो.

पॅक-अपच्या वेळी नायलॉनचा दोरा शेवटच्या तुकड्यापर्यंत मोजून काढा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. आणि फांदी मोडली असेल तर मालकाला तुम्हीच आधी जाऊन सांगा. समितीच्या बैठकीत त्याला दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या सप्टेंबरात तुम्हाला कुणी फाटक उघडणार नाही.